म्हातारपणाची शिदोरी : बितुआह लेउमीच्या कायद्याची वाटचाल

भारतात असताना 'पेन्शन' हा शब्द आपल्या घरोघरी परिचयाचा होता. आपल्या समाजातील अनेकांनी लष्करात, पोलिसात, रेल्वेत, पोस्टात आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या. आयुष्यभर इमानाने चाकरी करावी, कागदावर साहेबाचा शेरा चांगला पडावा आणि मग दरमहा पेन्शन घेऊन नातवंडांत रमावे, अशी आपल्या वडीलधाऱ्यांची कल्पना होती. गिरणीत किंवा खाजगी पेढीत असलेल्याच्या हाती फार तर प्रॉव्हिडंट फंड पडे, आणि तो मुलीच्या लग्नात किंवा खोलीच्या पागडीत संपून जाई. कोकणातल्या घाणेवाल्या तेल्याला, सुताराला आणि चूल सांभाळणाऱ्या बाईला यातले काहीच नव्हते. त्यांची पेन्शन म्हणजे त्यांचे मुलगे.

इस्राएलमध्ये पाऊल ठेवल्यावर आपल्या कानी 'बितुआह लेउमी' हा नवा शब्द पडला. त्याचा अर्थ राष्ट्रीय विमा. येथे चाकरीचे बक्षीस हा विचार नाही. देशात राहणारा प्रत्येक जण हप्ता भरतो आणि म्हातारपण, अपघात, वैधव्य किंवा अपंगत्व आले म्हणजे कायद्याने ठरविलेली रक्कम घेतो. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की ही सर्व व्यवस्था राज्याबरोबरच जन्मली आणि आज आहे तशीच तेव्हाही होती. तसे मुळीच नाही. या कायद्याची पुष्कळशी कलमे, आधी कोणीतरी बाहेर राहिले आणि त्यांनी मागणी केली, म्हणून नंतर घातली गेली. ही हकिगत आपल्या तरुण पिढीला ठाऊक असावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

म्हातारपण आणि अपंगत्व यांचा विमा कायद्याने प्रथम जर्मनीत १८८९ साली बिस्मार्कने आणला. पेन्शनचे वय तेव्हा ७० होते आणि तेथवर पोहोचणारे थोडेच. ब्रिटनने १९०८ साली गरीब वृद्धांसाठी आठवड्याला पाच शिलिंगांची पेन्शन सुरू केली. पुढे १९४२ साली बेव्हरिज यांचा अहवाल आला. पाळण्यापासून थडग्यापर्यंत नागरिकाला संरक्षण हवे, हा विचार त्यातून जगभर गेला. भारतात १९४८ चा कामगार विमा कायदा आणि १९५२ चा प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा याच काळातले. परंतु त्यांचे छत्र कारखान्यातल्या कामगारापुरते राहिले.

इस्राएलमध्ये हिस्तद्रुतमधील सामाजिक विम्याचे अभ्यासक यित्झाक कानेव यांच्या समितीने १९५० साली मोठी योजना मांडली. आजारपण, बेकारी, अपंगत्व सर्व काही तीत होते. परंतु तो काळ आठवावा. राज्य स्थापन झाल्यापासून साडेतीन वर्षांत येथील ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली होती. लोक तंबूंत आणि पत्र्याच्या मआबारांत राहत होते. साखर, तेल, अंडी रेशनवर होती. खजिन्यात पैसा नव्हता. अखेर १८ नोव्हेंबर १९५३ रोजी कनेसेटने जो कायदा मंजूर केला, त्यात तीनच शाखा ठेवल्या : वृद्ध व त्यांच्या मागे राहणारे कुटुंबीय, कामावरील अपघात, आणि बाळंतपण. मजूरमंत्री गोल्डा मेयरसन, म्हणजे पुढच्या गोल्डा मेईर, यांनी हा कायदा पार पाडला. १ एप्रिल १९५४ पासून तो अमलात आला आणि पहिली वृद्धापकाळाची पेन्शन एप्रिल १९५७ मध्ये मिळाली. पुरुषाला ६५ आणि स्त्रीला ६० हे वय ठरले. कमाई चालू असेल तर अनुक्रमे ७० आणि ६५.

रक्कम लहान होती. तेवढ्यावर ज्याचे भागत नाही त्याला पूरक रक्कम द्यावी, ही सोय १९६५ साली झाली. तिलाच आपण 'हश्लामत हखनासा' म्हणतो. १९८० च्या कायद्याने तिला पक्का आधार दिला आणि तो जानेवारी १९८२ पासून लागू झाला.

आता आपल्या समाजाचा प्रश्न. पेन्शन वयावर, आणि वय कागदावर. अलिबाग, पेण, पनवेल, म्हसळा या बाजूंच्या खेड्यांत जन्मलेल्या आपल्या आजी-आजोबांचे जन्मदाखले कुठले असणार? "मोठ्या पुराच्या साली" किंवा "थोरल्या भावाच्या पाठीवर दोन वर्षांनी" हीच त्यांची नोंद. अशा माणसाच्या तेउदत झेउतवर बंदरात किंवा विमानतळावर अंदाजाने साल टाकले गेले, तर तेच पुढे जन्मभर चालत राही. वय चुकीचे नोंदले असेल तर न्यायालयाकडून ते ठरवून घेण्याचा कायदा १९६३ साली झाला. ज्यांच्यापाशी शाळेचा जुना दाखला, लष्करातले डिस्चार्ज बुक असे काही होते, त्यांना ते कागद सोन्यासारखे झाले.

दुसरी अट अधिक कठीण. जो साठी उलटल्यावर प्रथमच अलिया करून आला, त्याला कायद्याने या शाखेचा विमेदारच मानले नाही. त्याला मिळते ती कायद्याबाहेरची खास रक्कम, सरकारी तिजोरीतून आणि उत्पन्न पाहून. मुलांच्या मागोमाग उतारवयात आलेले आपले कितीतरी वडीलधारे या सदरात मोडले. जे पन्नाशीत आले तेही पुरते सुटले नाहीत. पहिली दहा वर्षे सोडून विम्याच्या प्रत्येक वर्षाला पेन्शनमध्ये २ टक्के वाढ मिळते, जास्तीत जास्त ५० टक्के. पंधरा वर्षे भरलेल्याची वाढ १० टक्के. पस्तीस वर्षे भरलेल्याची पूर्ण ५०. मुंबईत रेल्वेत घालवलेली पंचवीस वर्षे या हिशेबात धरली जात नाहीत. दिमोनाच्या कापड गिरणीत एकाच मागावर काम केलेल्या दोघांच्या पेन्शनीत फरक का, याचे उत्तर पुष्कळदा त्यांच्या अलियाच्या सालात सापडते.

गृहिणींची गोष्ट तर फारच बोलकी आहे. मूळ कायद्यात घराबाहेर काम न करणारी विवाहित स्त्री स्वतःच्या नावाने पेन्शनची हक्कदार नव्हती. नवऱ्याच्या पेन्शनमध्ये बायकोसाठी काही रक्कम जोडली जाई, बस्स. सात मुले वाढवणारी, सासूची शुश्रूषा करणारी बाई कायद्याच्या भाषेत काही करीत नव्हती! जानेवारी १९९६ पासून १९३० नंतर जन्मलेल्या गृहिणींना स्वतःची पेन्शन मिळू लागली. कायदा होऊन तोवर बेचाळीस वर्षे लोटली होती. त्या तारखेआधी जन्मलेल्या आपल्या आया या सुधारणेच्या दारापर्यंत आल्या आणि बाहेरच राहिल्या.

अपंगत्वाचा विमा १९५३ च्या कायद्यात नव्हता. लढाईत जखमी झालेल्यांसाठी १९४९ पासून वेगळा कायदा होता. कामावर हात तुटला तर बितुआह लेउमी होती. पण ज्याला पोलिओ झाला, ज्याला अर्धांगाचा झटका आला, जो जन्मतः आंधळा होता, त्याने जावे कोठे? वेलफेअरच्या दारात. सर्वसाधारण अपंगत्वाचा विमा, 'नेखूत', एप्रिल १९७४ पासून सुरू झाला आणि १९७७ मध्ये त्यात गृहिणींचाही समावेश झाला.

परिचारिका या नात्याने या कायद्यातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. येथे दोन वेगळी मापे आहेत. डॉक्टर ठरवतो ते वैद्यकीय टक्के निराळे आणि कमाईची ताकद किती गेली ते टक्के निराळे. वैद्यकीय टक्के पुरेसे भरले म्हणजेच दुसऱ्या मापाकडे जाता येते. रोगी म्हणतो, "मला उभे राहवत नाही", समिती विचारते, "बसून काम होईल काय?" या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत पुष्कळ कुटुंबांचे भवितव्य अडकलेले आम्ही पाहिले आहे.

नेखूतची रक्कम वाढावी म्हणून अपंगांनी जो लढा दिला तो आपल्या समाजाने आदराने पाहावा, कारण धरणे धरणे म्हणजे काय हे आपण जाणतो. १९५१-५२ साली बेने इस्राएलांनी सोखनूतपुढे धरणे धरले होते, आणि १९६४ साली आपण ज्यू म्हणून पूर्ण आहोत की नाही या प्रश्नावर जेरूसलेममध्ये ठाण मांडले होते. त्या ऑगस्टमध्ये कनेसेटने आपल्या बाजूने ठराव केला. तसेच अपंग १९९९ मध्ये आणि पुन्हा २००१-०२ मध्ये खुर्च्यांसह सरकारी कचेरीत बसून राहिले; दुसऱ्या वेळी ७७ दिवस. त्यानंतर निवृत्त न्यायाधीश एफ्राइम लारोन यांच्या समितीने अहवाल दिला. काम केले की पेन्शन बंद, ही भीती कमी करणारी 'लारोन' दुरुस्ती २००९ मध्ये अमलात आली. तरी २०१७ साली पूर्ण नेखूत २,३४२ शेकेलच होती. चाकांच्या खुर्च्यांनी हमरस्ते अडवले, तेव्हा कोठे २०१८ च्या फेब्रुवारीत कायदा होऊन ती टप्प्याटप्प्याने तीन हजारांच्या पुढे गेली. पोलिओग्रस्तांसाठी भरपाईचा खास कायदाही २००७ साली झाला.

रक्कम किती यापेक्षाही ती कशाशी बांधली आहे, हे महत्त्वाचे. १९८४ साली महागाई चारशे टक्क्यांवर गेली होती. त्या वेळी न बांधलेली पेन्शन आठवड्यात वितळली असती. सत्तरच्या दशकापासून वृद्धांची पेन्शन देशाच्या सरासरी पगाराच्या प्रमाणात ठरत असे. २००६ पासून ती वस्तूंच्या किंमतींशी बांधली गेली. ऐकायला फरक लहान वाटतो. परंतु पगार किंमतींपेक्षा वेगाने वाढले, तर कमावती मुले पुढे जातात आणि आईवडील जागीच राहतात. याकरिता कोणी रस्ता अडवला नाही, कारण एक ओळ बदलली आहे हे फार थोड्यांच्या ध्यानी आले.

सिऊदच्या विम्याचे हप्ते १९८० पासून घेतले जाऊ लागले आणि सेवा एप्रिल १९८८ पासून मिळू लागली. वृद्धाला अंघोळ, कपडे, जेवण, घरात चालणे, संडासला जाणे जमते का, हे घरी येऊन पाहतात. येथे आपली माणसे स्वाभिमानापायी नुकसान करून घेतात. परक्या माणसासमोर आजी म्हणते, "सर्व काही माझे मीच करते." पाहुण्यासाठी चहादेखील करायला उठते! सून गप्प बसते, आणि अर्ज नामंजूर होतो. मदत मागणे हे भीक मागणे नव्हे; त्यासाठी आपण हप्ता भरलेला आहे.

निवृत्तीचे वय २००४ च्या कायद्याने पुरुषांचे ६७ आणि स्त्रियांचे ६२ पर्यंत न्यावयाचे ठरले. स्त्रियांचे वय आणखी वाढवणे वारंवार पुढे ढकलले गेले. शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा झाला : १९६० साली वा नंतर जन्मलेल्या स्त्रियांचे वय हळूहळू वाढत जाऊन १९७० साली वा नंतर जन्मलेल्यांसाठी ६५. माणसे अधिक जगतात, तेव्हा फंडाला हे करणे भाग आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कचेरीत बसणारी बाई आणि तीस वर्षे रोग्यांना उचलून कंबर गमावलेली परिचारिका, सफाई कामगार किंवा स्वयंपाकीण यांची पासष्टी सारखी नसते. नव्या कायद्याने बेकारी भत्त्यात आणि इतर साह्यात थोडी भर घातली खरी. पण अंगमेहनतीचा प्रश्न अजून सुटावयाचा आहे.

बितुआह लेउमी हा तळाचा आधार आहे. कामाच्या ठिकाणची पेन्शन २००८ पर्यंत सर्वांना सक्तीची नव्हती. आपल्यातील कितीतरी जण लहान कारखान्यांत व घरकामात राबले आणि दुसऱ्या पेन्शनीविना निवृत्त झाले. २००८ मध्ये ती पगाराच्या अवघ्या अडीच टक्क्यांपासून सुरू झाली आणि मग वाढत गेली. तरुणांनी नोकरी बदलताना हा फंड फोडून मोटारीत घालू नये, एवढे सांगितल्याशिवाय आम्हांला राहवत नाही.

वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी : अर्ज वेळेवर करा, कारण उशीर झाल्यास मागची रक्कम ठरावीक मुदतीपुरतीच मिळते. सर्व कागद एका पिशवीत ठेवा. समितीपुढे जाताना मुलाला किंवा हिब्रू जाणणाऱ्या शेजाऱ्याला बरोबर न्या. नकाराचे पत्र आले तर ते फाडून टाकू नका. अपिलाची समिती आहे, आणि १९६९ च्या कायद्याने स्थापन झालेली मजूर न्यायालये अशा तंट्यांसाठीही आहेत. आणि तरुणांनो, हिब्रू तुमची मातृभाषा झाली आहे. बितुआह लेउमीच्या कायद्यात बदल करण्याचे विधेयक कनेसेटपुढे आले म्हणजे तेवढे वाचा, आणि त्यात आपले आजी-आजोबा कोठे बसतात ते घरी येऊन मराठीत सांगा.