हजार तासांची अट

इन्सुलिन रोज एकाच जागी टोचलं की त्वचेखाली गाठ धरते. गाठीत सुई फारशी दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हापुन्हा तिथेच टोचतो. पण तिथून औषध नीट शोषलं जात नाही आणि साखर वरखाली होत राहते. माझ्या आईच्या पोटावर अशा दोन गाठी होत्या. दोनदा डोस वाढला, पण पोटाला हात लावून बघायचं कुणाला सुचलं नाही. अमेरिकेत हे बघणं आणि शिकवणं हा वेगळा पेशा आहे. त्याची परीक्षा घेणाऱ्या मंडळाची ही वाटचाल.

मुळं बॉस्टनमध्ये सापडतात. रुग्णाला शिकवल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, असं मानणाऱ्या डॉ. इलियट जॉस्लिन यांनी इन्सुलिन यायच्या आधी, १९१८ सालीच, डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी मधुमेहाची पुस्तिका काढली. पुढे त्यांनी परिचारिकांना तयार करून रुग्णांच्या घरी पाठवलं. या कामाला नाव आणि संघटना मिळायला मात्र १९७३ साल उजाडलं. १९८६ मध्ये प्रमाणपत्र देणारं मंडळ उभं राहिलं, तेही संघटनेपासून वेगळं. हा वेगळेपणा मला मोलाचा वाटतो. आपल्याच सभासदांची परीक्षा आपणच घेतली, तर त्या शिक्क्यावर रुग्णाने विश्वास का ठेवावा?

नुसत्या पुस्तकी अभ्यासावर या परीक्षेला बसता येत नाही. उमेदवार आधी परवानाधारक परिचारिका, औषधतज्ज्ञ, डॉक्टर किंवा नोंदणीकृत आहारतज्ज्ञ असावा लागतो. आणखीही काही पेशे चालतात. पेशातला दोन वर्षांचा अनुभव, मधुमेह-शिक्षणाचं १,००० तासांचं काम आणि त्यातले किमान २०० तास अर्जाआधीच्या वर्षातले, या त्यावरच्या अटी. मग चार तासांत २०० प्रश्न. पास झालं तरी दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहेच.

या हजार तासांपाशी अनेकजण अडले. प्रमाणपत्र नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून तास भरत नाहीत. पुढे मंडळाने स्वयंसेवेचे तास धरायला सुरुवात केली, अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली शिकायची सोय केली. अट मात्र काढली नाही, आणि ते योग्यच झालं. सुईला घाबरणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, हे प्रश्नपत्रिकेवरून कळत नाही.

१९९३ साली इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या १,४४१ जणांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात, हे सिद्ध झालं. तो काटेकोरपणा रोज घरी कसा सांभाळायचा, हे शिकवणारे लोक तिथल्या उपचारपथकातच होते. १९९७ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, हे शिक्षण आलं: पहिल्या वर्षी दहा तास, पुढे दरवर्षी दोन. पण नुसतं प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकाला त्या जोरावर स्वतःच्या नावाने बिल लावता आलं नाही. ती सल अजून आहे.

प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. ते नसलेल्याला काम करू न देणं मंडळाच्या हाती नाही, त्यासाठी राज्याचा कायदा लागतो. तो २०११ मध्ये केंटकीने पहिल्यांदा केला. स्वतंत्र परवाना मंडळ नेमलं, नवख्यांसाठी उमेदवारीचा परवानाही ठेवला. पुढे इंडियानातही परवाना आला. बहुतेक राज्यांत मात्र अजून प्रमाणपत्रावरच भागतं.

२०२० मध्ये संघटना, मंडळ आणि पदवी, तिन्हींची नावं बदलली. ‘प्रमाणित मधुमेह शिक्षक’ आता ‘प्रमाणित मधुमेह देखभाल आणि शिक्षण तज्ज्ञ’ झाले. नाव लांबलं, पण ‘देखभाल’ हा शब्द आला ते बरं झालं. ती ही माणसं आधीपासूनच करत होती.

आईला शेवटी एक निवृत्त परिचारिका भेटली. वॉर्डातल्या तिच्या वर्षांचे तास कुणी मोजले नव्हते. तिने बोटांनी चाचपून गाठी शोधल्या, बेंबीभोवती बॉलपेनने चार चौकोन आखले आणि आठवड्याला एक चौकोन धरायला सांगितला. वर हेही बजावलं, की चांगल्या जागी टोचायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारून डोस कमी करून घ्या, नाहीतर साखर एकदम उतरेल.