हरळी आणि दूर्वा : पारनेरच्या पठारावरील एका तृणाचा औषधी इतिहास

पारनेर तालुक्यातील शेतकरी ज्या तृणास हरळी म्हणतो व शेताचा वैरी मानतो, त्याच तृणाची एकवीस अग्रे भाद्रपद चतुर्थीस तो दूर्वा म्हणून गणपतीस वाहतो. वनस्पती एकच; शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. मुळा आणि कुकडी-घोड यांच्या खोऱ्यांमधील हा मुलूख पर्जन्यछायेचा. उन्हाळ्यात डोंगरउतारावरील कुसळी वाळून पिवळी पडते, तेव्हाही विहिरीपाशी व पाटाच्या कडेला हरळी हिरवी असते. घरगुती औषधांत तिला स्थान मिळाले त्यास ही बारमाही उपलब्धताही कारण झाली असावी.

हे उपयोग देशावर सर्वत्र परिचित आहेत. घोळणा फुटला तर दूर्वांचा रस नाकात पिळतात. उन्हाळी लागल्यास तो खडीसाखरेबरोबर देतात. खरजेवर दूर्वा व हळद यांचा लेप लावतात. गणपतीस प्रिय म्हणूनच ही औषधी ठरली, असा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. अनलासुरास गिळल्यामुळे गणेशाच्या अंगाचा झालेला दाह दूर्वांनी शमला, ही कथा गणेशपुराणातील. त्या पुराणाची रचना सामान्यतः इ. स. 1100 ते 1400 या काळातील मानली जाते. उलट, चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रक्तपित्तप्रकरणात द्राक्षरस, उसाचा रस व दूध यांच्या जोडीने दूर्वास्वरसाचे नस्य स्पष्ट सांगितले आहे. आणि हा अध्याय दृढबलाने भर घातलेल्या भागातील नव्हे. म्हणजे घोळण्यावरील उपाय कथेहून कित्येक शतके जुना ठरतो. दाहशामक गुण आधी ठाऊक होता, कथा त्यावर उभी राहिली, असेच म्हणणे प्राप्त होते.

तथापि पूजा सर्वस्वी उत्तरकालीन, असा याचा अर्थ नाही. अग्निचयनात दूर्वेचा विनियोग यजुर्वेदकाळापासून आहे. तेथे गौरव आहे तो शीतत्वाचा नव्हे, पेऱ्यापेऱ्यातून फुटून पसरण्याच्या शक्तीचा. (नांगरटीनंतर हरळीच्या काशा वेचणाऱ्यास या शक्तीचा प्रत्यय निराळ्या रीतीने येतो.) गर्भसंस्कारातील दूर्वारसाच्या नस्यामागे हीच वंशवृद्धीची कल्पना दिसते. चरकाच्या प्रजास्थापन गणातील शतवीर्या व सहस्रवीर्या या दूर्वाच होत, असे टीकाकार मानतात. पण हा अर्थ टीकेचा आहे, मूळ शब्दाचा नव्हे. तेव्हा एकाच तृणाभोवती दोन स्वतंत्र परंपरा वाढल्या, एक वृद्धीची व दुसरी दाहशमनाची, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सोळाव्या शतकातील भावप्रकाश नील, श्वेत व गंड असे दूर्वेचे तीन भेद सांगतो; शेतकऱ्याच्या ‘हरळी’ या शब्दात ते नाहीत. गंडदूर्वा कोणती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. दक्षिण युरोपातही याच तृणाचे जमिनीखालील खोड मूत्रल म्हणून औषधविक्रेते विकीत असत. उन्हाळीवरील देशी उपायाशी त्याचे साम्य उघड आहे, मात्र तेवढ्यावरून देवाणघेवाणीचे अनुमान काढणे धाडसाचे होईल.

अलीकडे हरळी खणून काढण्याऐवजी तिच्यावर तणनाशक फवारतात. बांधावरील मूठभर दूर्वा खुडून रस काढण्याची रीत ज्या काळी रूढ झाली, त्या काळी जागा पारखून घ्यावी लागत असे ती गुरांच्या वावरामुळे. आज बांध कोणाचा व त्यावर काय फवारले, हे आधी विचारावे लागते.