कर्ण्याची फेक

मंडप-माईकचा धंदा आमच्या घरात वडिलांपासून. तासगावच्या बाजूला आम्हाला माईकवालेच म्हणतात, आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक. हल्ली हळदीला पोरं पावसात भिजला तरी चालणारा ब्लूटूथचा डबा घेऊन येतात आणि विचारतात, "काका, तुमच्या भोंग्याची आता काय गरज?" त्यांना भोंग्याचं कूळ ठाऊक नाही.

1915 साली कॅलिफोर्नियात प्रिधम आणि जेन्सन या दोघांनी विजेवर थरथरणाऱ्या पडद्याला कर्णा जोडला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर जमलेल्या हजारोंना त्यांनी गाणी ऐकवली. आपल्याकडे हे वारं मोठ्या सभांतून शिरलं. गांधीजींचा आवाज बारीक, मागच्यांच्या वाट्याला नुसतं दर्शन. 1931 च्या कराची काँग्रेसला नानिक मोटवाने यांनी लाउडस्पीकर लावले. पेढीचं नाव शिकागो रेडिओ, माणसं मात्र अस्सल सिंधी. गांधीजींच्या जुन्या फोटोंत माईकवर ते नाव दिसतं. 1942 च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिकभाईही आरोपी होते, पुढे सुटले. आमच्या धंद्याला एवढा मान पुरे.

गावात वीज यायच्या आधी वडील बैलगाडीतून मशीन, तबकड्या आणि ट्रकची 12 व्होल्टची बॅटरी न्यायचे. बॅटरीतल्या अ‍ॅसिडनं धोतराला भोकं पडायची, आई ओरडायची. पोचल्यावर वडिलांचं पहिलं काम म्हणजे वारा बघणं. मग वाऱ्याच्या पाठीनं चिंचेवर कर्णा बांधायचा, तोंड जरा खाली, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. कर्ण्याची नळी आतल्या आत दुमडलेली असते, त्यामुळे लांब कर्णा आखूड जागेत बसतो. मागचं युनिट आटे फिरवून काढायचं. पडदा फाटला तर तेवढाच बदलायचा, बाकीचं अ‍ॅल्युमिनियम नातवापर्यंत टिकतं. लांबवर कर्णे लावायचे तर 100 व्होल्टची लाइन: प्रत्येक कर्ण्याला ट्रान्सफॉर्मर, आणि बारीक वायरवरही आवाज मार खात नाही.

सप्ताहात पहाटेचा काकडा पार पलीकडच्या गावात ऐकू जायचा. लोक म्हणायचे, विठ्ठलाची कृपा. कृपा असेलच, पण पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो. दुपारी तोच कर्णा मळ्यापर्यंत जेमतेम पोचतो.

डब्याची मी निंदा करत नाही. आयपी 67 लिहिलेला डबा मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी बिघडत नाही, धूळ तर आत जातच नाही. गाणं त्यावर गोड लागतं, ढोलकीचा खालचा घुमारा कर्ण्याला कधी जमलाच नाही. पण माणसाचं बोलणं उघड्या रानात लांब फेकायला कर्ण्याला तोड नाही. कर्णा तेवढाच मधला सूर धरतो आणि थोड्या विजेत तो दूरवर नेतो. शिवाय डबा ज्याच्या फोनला जोडलेला, त्याचीच मर्जी. मध्येच त्याच्या सासूचा फोन आला की वरात थांबते.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर आमची तोंडं बंद केली. माझ्या मते बरंच झालं. काकड्याला आता टाळ आणि गळा पुरतो. जत्रेतल्या कुस्त्यांना मात्र अजून बोलावणं येतं, आणि समालोचन करणारे मानधनाच्याही आधी विचारतात, "कर्णे किती लावणार?"