कौलं, पत्रे आणि विम्याचा कागद

परवा संध्याकाळी वळीव आला. औंधात तो येतो तो असाच, आधी धुळीचा लोट, मग वारा आणि मग टपोरे थेंब. दहा मिनिटांचा खेळ, पण शेजारच्या गोठ्याचे दोन पत्रे उडून आमच्या परसात येऊन पडले. सुदैवाने तिथे कोणी नव्हतं. रात्री पुण्याहून नातवाचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने सहज विचारलं, "आजोबा, आपल्या घराचा विमा आहे का हो?"

मी गप्प झालो. त्याला काय सांगणार? उत्तर 'नाही' एवढंच होतं, पण त्या 'नाही'मागे एक जुनी बोच आहे. तीच आज लिहून टाकतो.

गंमत अशी, की विमा हा शब्द आमच्या सातारा भागाला नवा नाही. अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 साली साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. पुढे 1936 साली युनायटेड वेस्टर्न बँकही त्यांनीच उभी केली. मुंबई-कलकत्त्याची मक्तेदारी असलेला धंदा साताऱ्यासारख्या गावात रुजवणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. 1956 साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, अडीचशेच्या घरातल्या लहानमोठ्या संस्था एल.आय.सी.त विलीन झाल्या आणि त्यात आपली साताऱ्याची कंपनीही गेली. मास्तरांच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जाणं हे तर माझ्या पिढीला दूधवाल्याच्या बिलाइतकं ओळखीचं होतं.

पण तो विमा माणसाचा. घराचा विमा कोणाच्या डोक्यातही येत नसे. का बरं?

जगात पाहिलं तर आगीपासून घराचा विमा आधी मोठ्या शहरात सुरू झाला. 1666 साली लंडन जळालं, हजारो घरांची राख झाली. त्यानंतर 1680 च्या सुमारास निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने घरांचा आगीचा विमा सुरू केला. विमा उतरवलेल्या घराच्या भिंतीवर कंपनीची धातूची पाटी ठोकत. म्हणजे धडा आधी, शहाणपण नंतर! माणसाची जात सगळीकडे सारखीच.

आपल्याकडे घर हे विकत घ्यायचं नसून बांधायचं, आणि दरवर्षी डागडुजी करायची वस्तू होती. माती गावची, लाकूड रानातलं, सुतार-लोहार बलुत्यावर. पावसाळ्याआधी कौलं चाळायची, भिंती लिंपायच्या, धाब्यावर खारी माती टाकायची. भिंत पडली तर चार घरची माणसं येऊन उभी करीत. हाच आमचा विमा होता आणि त्याचा हप्ता म्हणजे दुसऱ्याची भिंत उभारताना आपण दिलेला दिवस. पैशातला विमा लागतो तो ही व्यवस्था मोडल्यावर. सिमेंट विकत, मजुरी रोख, पोरं पुण्या-मुंबईला. आता भिंत पडली तर येणार कोण?

ही व्यवस्था अपुरी आहे हे आम्हाला पहिल्यांदा दिसलं ते 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे. मी तेव्हा अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला होतो. चारच्या पुढे कधीतरी घर हललं, फडताळातली भांडी खाली आली. वडिलांनी आम्हा सगळ्यांना ओढत अंगणात नेलं. थंडीत कुडकुडत आम्ही उजाडेपर्यंत बसलो होतो. नंतर कळलं, कोयनेला भूकंप झाला होता. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर भुईसपाट झालं. आमच्या माळवदाला एक तिरकी भेग पडली. ती अजून आहे. गावकीने एखादी भिंत उभी करता येते, पण सगळ्या गावाच्याच भिंती एका पहाटे पडल्या तर कोण कोणाकडे जाणार? विमा नेमका इथे कामाला येतो. दूरदूरच्या, एकाच वेळी संकटात न सापडणाऱ्या लोकांचे पैसे एकत्र असतात, ते पडलेल्याच्या कामाला येतात.

1 जानेवारी 1973 पासून सामान्य विमाही सरकारी झाला. शंभरावर कंपन्यांच्या चार झाल्या. 2000 नंतर खाजगी कंपन्या परत आल्या. पण घराचा विमा खेड्यात पोचला तो बहुधा गृहकर्जाच्या कागदांत दडून. आणि इथेच माझी बोच आहे.

माझी धाकटी बहीण श्रीवर्धन तालुक्यात दिली आहे. मेहुण्यांनी घर वाढवायला कर्ज काढलं, तेव्हा कागद दाखवायला ते माझ्याकडे आले होते. मास्तर ना मी, सगळे कागद माझ्याकडेच यायचे! मी वरवर चाळले, 'विमा' हा शब्द पाहिला आणि म्हणालो, "बँकेने विमा घेतलाय, आता काळजी नको."

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचा वारा. बहिणीच्या घरावरचं छप्पर गेलं, सुपारीची बाग आडवी झाली, कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हता. फोन लागला तेव्हा ती आधी "आम्ही बरे आहोत" म्हणाली आणि मग "दादा, तो विमा आहे ना?"

तो कागद मी पुन्हा वाचला, या वेळी चष्मा लावून. तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा होता. मेहुण्यांना काही झालं असतं तर बँकेचं कर्ज फिटलं असतं. घराचा त्यात एक वासाही नव्हता. सरकारने त्या वेळी मदतीचे दर वाढवले होते, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, बागांना हेक्टरी 50 हजार. पंचनामा झाला, त्यांना त्यांच्या वाटचं मिळालं. पण छपराचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेला. बहीण मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून या वेळी मी विद्यार्थ्यासारखा अभ्यास केला. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाच्या आदेशाने सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच साच्याची पॉलिसी मिळते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड हे सगळं त्यात एकत्र आहे. घराचा विमा घेतला की सामानालाही घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. दागिने मात्र वेगळे. बाग त्यात नाही, हे कोकणातल्यांनी ध्यानात ठेवावं. आणि वर्षानुवर्षांच्या गळतीने भिंत झिजली तर तो आपला आळस, त्याला विमा नाही!

एक त्रैराशिक सांगतो. परत बांधायला 20 लाख लागतील असं घर, पण विमा 10 लाखांचाच. नुकसान 4 लाख. जुन्या पद्धतीत हातात पडायचे 2 लाखच, कारण विमा निम्म्याचा होता. नव्या पॉलिसीत ही कपात काढून टाकली आहे. तरी रक्कम ठरवताना जागेचा बाजारभाव धरू नका, परत बांधायचा खर्च धरा. जमीन काही वादळात उडून जात नाही.

आमची खरी अडचण वेगळीच निघाली. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घर अजून वडिलांच्या नावावर. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली! आधी वारसनोंद, मग विमा. दोघा भावांना फोन केले, त्या निमित्ताने वर्षभराने बोलणं झालं. प्रस्तावात माती-लाकडाचं बांधकाम आहे हे स्पष्ट लिहिलं, भूकंपाची ती भेगही लिहिली. एजंट म्हणाला, "काका, एवढं कशाला?" मी म्हटलं, "नंतर तुम्ही विचारण्यापेक्षा आधी मी सांगितलेलं बरं."

काल बहिणीला फोन करून हे सगळं सांगितलं. तिनेही या वर्षी घराचा विमा घ्यायचं ठरवलंय. कागद मला पाठवते म्हणाली. मग थोडं थांबून हसली, "पण दादा, या वेळी चष्मा लावून वाच हं."

असो. तुमच्या कपाटातला कागद माणसाचा आहे की घराचा, एकदा काढून बघा. आणि काय निघालं ते मलाही कळवा.