पहिलं पाऊल तुमचं

जरा अंग चोरून चाला. तुम्ही एडिनबराच्या जुन्या गावात आहात. या बोळाला इथे ‘क्लोज’ म्हणतात. हात पसरलेत तर दोन्हीकडच्या भिंती हाताला लागतील. डोक्यावर आठ-आठ, दहा-दहा मजल्यांच्या दगडी इमारती, आणि त्यांच्यामध्ये आभाळाची एक चिंधी. नाकात दगडी कोळशाचा धूर, ओली लोकर, मासळी आणि आणखी एक वास, ज्याची चौकशी न केलेली बरी. वरून ‘गार्डीलू!’ अशी आरोळी आली की विचार करत थांबू नका, जिन्यात शिरा. पाठोपाठ कुणाच्या तरी घरचं सांडपाणी येतंच.

अठराव्या शतकाची अखेर आहे आणि वर्षाचा शेवटचा दिवस, हॉगमने. इथल्या चर्चला नाताळचा थाटमाट मंजूर नाही, त्यामुळे सगळी हौसमौज आजच्या रात्रीसाठी राखून ठेवलेली. गोल फिरत जाणारा दगडी जिना चढा. पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्यात, दोरीला धरा. खांद्यावर पाण्याचं पिंप घेतलेला पाणक्या खाली उतरतोय, त्याला वाट द्या. चौथ्या मजल्यावर दार उघडंच आहे. आतल्या बाईने तुमच्याकडे पाहिलं, मग तुमच्या केसांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

“काळे केस! ये बाबा, आत ये. रात्रीपर्यंत तू कुठेही जायचं नाहीस.”

कारण कळेलच. तूर्तास बाह्या वर करा.

या घरात वर्षभर जेवण म्हणजे ओटची लापशी, ओटची भाकरी, कोबीसारख्या पाल्याचं कढण आणि खारवलेले हेरिंग मासे. गव्हाचं पांढरं पीठ, लोणी आणि साखर एकाच टेबलावर दिसणं ही सणाची गोष्ट. लोणी लाकडी पिंपातलं, टिकावं म्हणून मीठ घालून दाबलेलं. तुम्हाला पहिलं काम तेच मिळतं: थंडगार पाण्यात ते पुन्हा पुन्हा चोळून मीठ धुऊन काढायचं. पाणी डिसेंबरचं आहे, बोटं बधिर होतात. होऊ द्या. आज लोणी, साखर आणि पिठाचं शॉर्टब्रेड करायचंय, आणि त्याला गार हात लागतात; गरम हातांत लोणी वितळलं की पीठ तुपकट झालं आणि सगळा डाव फसला.

साखर निळ्या कागदात गुंडाळलेली, टणक, शंकूच्या आकाराची. अडकित्त्याने तिचे तुकडे तोडायचे, खलात कुटायचे, चाळायचे. टपोरा कण राहिला तर तो दाताखाली रेतीसारखा येतो. ही साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमांवर, समुद्र ओलांडून आलेली आहे. या स्वयंपाकघरात ते कुणी बोलत नाही, पण चिमटीत घेताना तुम्हाला ते आठवल्याशिवाय राहत नाही.

आता प्रमाण नीट ऐका, कारण सगळी विद्या त्यातच आहे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. पाण्याचा थेंब नाही, अंडं नाही. १७३६ साली ग्लासगोला मिसेस मॅक्लिंटॉक यांच्या पाककृतींचं पुस्तक छापलं गेलं, त्यातही शॉर्टब्रेड आहे. पण चौथ्या मजल्यावरच्या या बाईला पुस्तकाची गरज नाही. आधी लोणी आणि साखर एकजीव करायची, मग पीठ मूठमूठभर त्यात चोळत जायचं. सुरुवातीला नुसता भुगा दिसतो. तुम्ही घाबरून पाण्याच्या भांड्याकडे पाहता आणि बाई तुमच्या मनगटावर फटका मारते. थांबा. चोळत राहा. हळूहळू मोहन पिठाच्या कणाकणाला लागतं, मूठ वळायला लागते, आणि मग एका क्षणी तो भुगा आपणहून गोळा होतो. तिथेच हात काढायचा. आणखी मळलंत तर पीठ चिवट होईल, आणि चिवट शॉर्टब्रेडला या घरात माफी नाही.

मला विचाराल तर सगळ्या कृतीतला हाच भाग सुंदर. मसाल्याने झाकायची सोय नाही, पाकाने सावरायची सोय नाही. लोणी खवट असेल तर ते कळणार. हात घाईचा असेल तर तोही कळणार.

गोळा कागदावर थापा, अंगठ्याएवढा जाड, छान वाटोळा. आता कड. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कड धरून, थोडं थोडं पुढे सरकत, करंजीला मुरड घालतात तशी नक्षी पाडा. काट्याने वरून टोचे मारा, म्हणजे वाफेला वाट मिळेल आणि पापुद्रा फुगणार नाही. बाई वरून शहाजिऱ्यावर साखर चढवून केलेल्या बारीक गोळ्या पेरते, आणि साखरेत मुरवलेल्या सालीच्या चार चिरफळ्या. तिच्या धाकट्या मुलीने तेवढ्यात एक चिरफळी पळवली. तुम्ही पाहिलंत, पण सांगू नका.

घरात भट्टी नाही, कोळशाची उघडी शेगडी फक्त. म्हणून फळीवर शॉर्टब्रेड ठेवायचं, वर फडकं टाकायचं आणि तोच झिजका जिना उतरायचा. पावणेचारलाच सूर्य मावळलाय. जिन्यात माशाच्या तेलाचा दिवा, उजेडापेक्षा वासच जास्त. पाय चाचपून टाका. ही फळी सांडली तर तुम्हाला परत यायचं तोंड उरणार नाही.

बेकरीचं दार उघडताच उष्णतेची लाट तोंडावर आदळते. बाहेर गारठलेले कान ठणकायला लागतात. आत बायकांची रेटारेटी, प्रत्येकीच्या हातात फळी. पिठाने पांढरा झालेला भट्टीवाला घामाने निथळतोय. विटांच्या भट्टीतले निखारे त्याने ओढून काढलेत, ओल्या फडक्याने तळ पुसलाय. मोठ्या आचेवर पाव भाजून झाले. आता उतरत्या उष्णतेची पाळी. तो चिमूटभर पीठ तळावर भिरकावतो. काळं पडलं तर आणखी थांबायचं. हलका रंग आला, आणि लांब दांड्याच्या फावड्यावरून तुमचं शॉर्टब्रेड आत सरकलं.

मग तो वास. सगळी गर्दी एकदम बोलायची थांबते. तापणारं लोणी, त्यात शहाजिऱ्याचा जरासा झणका. शेजारची म्हातारी डोळे मिटून श्वास घेतेय.

बाहेर आलेलं शॉर्टब्रेड गव्हाच्या काडीसारखं फिकट असतं आणि दाबलं तर बोट रुतेल इतकं मऊ. कच्चं राहिलं असं समजून परत आत ढकलू नका. निवताना ते घट्ट होतं. तोवर फळी हलवायचीसुद्धा नाही.

रात्री अकराला हाय स्ट्रीटवर या. भर दुपारी नसते एवढी माणसं आहेत. ट्रॉन चर्चच्या घड्याळाकडे सगळ्यांच्या माना. तांब्याच्या किटल्यांमधून गरम बिअर, व्हिस्की, साखर आणि जायफळ यांची वाफ निघतेय. कुणीही अनोळखी माणूस तुमच्यापुढे पेला धरतो. नाही म्हणू नका, नाहीतर बोटं गळून पडतील या थंडीत. बाराचे ठोके पडतात, आरोळ्या उठतात, आणि गर्दी एकाच वेळी सगळ्या बोळांमध्ये घुसते.

आता तुमचं काम. मध्यरात्रीनंतर उंबरठा ओलांडणारं पहिलं माणूस घराचं वर्षभराचं नशीब ठरवतं. ते उंच, काळ्या केसांचं असावं. पिंगट किंवा लाल केसांचा आला तर घरातल्यांची तोंडं उतरतात, बाईचं पाऊलही चालत नाही. (तुम्ही बाई असाल तर आजच्या रात्रीपुरते गडी झालात असं समजा.) हात मात्र रिकामे नकोत. एका हातात किटली, दुसऱ्यात फडक्यात बांधलेलं शॉर्टब्रेड. दार ठोठावा.

बाई दार उघडते, जणू तुम्हाला आयुष्यात प्रथमच पाहतेय. आत या. फडकं सोडा. सुरी घ्यायची नाही, हातानेच मोडायचं. ‘कट्’ असा स्वच्छ आवाज, मुरडीचा तुकडा तुमच्या वाट्याला. आधी तो दाताला हलकेच अडतो, मग विरघळायला लागतो. गोडी मागून येते, सावकाश, आणि त्याआधी नुसतं लोणी, लोणी, लोणी. कोपऱ्यातला आजोबा चुरा ओल्या बोटाने टिपतोय. धाकटी मुलगी सालीचा तुकडा शोधतेय.

पण बसू नका. पाचव्या मजल्यावरून कुणीतरी जिन्यात डोकावून ओरडतंय: “तो काळ्या केसांचा अजून आहे का तिथे? वर पाठवा लवकर! आमचा शेजारी निघालाय, आणि त्याचं डोकं गाजरासारखं लाल आहे!” दोरी धरा. दोन-दोन पायऱ्या एकदम चढा.