सायलेन्सरवरचे झाकण

कांद्याच्या हंगामात सकाळी निफाड तालुक्यातील विंचूरला गेलात, तर लासलगाव बाजार समितीच्या उपबाजार आवाराकडे निघालेले ट्रॅक्टर दिसतील. त्यांतील काहींच्या उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचे झाकण असते. इंजिन मंद चालू असताना ते फडफडते. वेग वाढला की उघडेच राहते. असे का, हे वर्गात विचारून पाहा. उत्तरासाठी इंजिनात डोकवावे लागेल.

चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर मिनिटाला 3000, म्हणजे सेकंदाला 50 झोत बाहेर पडतात. झडप उघडते तेव्हा आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. म्हणून प्रत्येक झोत हा एक छोटा बारच असतो. मंद गतीत दोन झोतांमध्ये झाकणाला खाली पडायला सवड मिळते, वेगात मिळत नाही.

हे बार शमवण्याची गरज मोटारीच्या बाल्यावस्थेतच जाणवली. अमेरिकेतील मिल्टन आणि मार्शल रीव्ह्स या बंधूंनी 1897 मध्ये अशा साधनाचे पेटंट मिळवले. तत्त्व सोपे आहे. अरुंद नळीतून आलेली दाबाची लहर एकदम रुंद डब्यात शिरली की तिचा काही भाग मागे परावर्तित होतो. डब्यातील पडदे व छिद्रे झोतांचे चढउतार आणखी सपाट करतात. वायू बाहेर जातो, पण बरीचशी ध्वनिऊर्जा आत अडते. या अडथळ्याची किंमत म्हणून इंजिनाची थोडी शक्ती वायू ढकलण्यात खर्च होते.

रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनांना धुराच्या नळीत बदल करावे लागले, ते मात्र आवाजासाठी नव्हे. 6 जून 1944 रोजी दोस्त सेना नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्या मोहिमेसाठी पाण्यात उतरवायच्या अनेक वाहनांच्या हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या नळ्या उंच केल्या होत्या, विजेचे भागही जलरोधक केले होते. इंजिन चालू असते तोवर झोत पाण्याला बाहेर ढकलतात. ते बंद पडले की पाणी नळीतून मागे शिरू शकते. हवेच्या नळीतून पाणी आले तर धोका अधिक. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वाकू शकतो.

पुढे महिंद्र कंपनीने विलिस जीपची मुंबईत जुळणी केली, आणि 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या साथीने ट्रॅक्टर-निर्मितीकडे पाऊल टाकले. ट्रॅक्टरची नळी उभी असण्यालाही कारण आहे: तप्त धूर पिकापासून आणि वाळलेल्या काडीकचऱ्यापासून दूर राहतो.

आता तिसरा बदल पाहू. ‘सायलेन्सर मोकळा केला की गाडी जास्त ओढते,’ असे पुष्कळ जण मानतात. डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः त्यात किती इंधन सोडले जाते यावर ठरते. इंधन तेवढेच असेल, तर नुसता अडथळा काढून फरक थोडाच पडतो. आवाज मात्र कितीतरी वाढतो, आणि कान त्यालाच जोर समजतो.

याची झळ सर्वांत आधी चालकाला लागते. एका प्रचलित निकषानुसार 85 डेसिबल आवाजात दिवसाला 8 तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दर 3 डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी करावी. 94 डेसिबलला एकच तास उरतो! दिवसभर नांगरट करणाऱ्याच्या कानाची हानी हळूहळू होते, आणि अशी गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही.

म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 120 ने शेतीच्या ट्रॅक्टरसह प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर आवश्यक ठरवला. 2019 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमर्यादा मोडणाऱ्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि कैदही होऊ शकते.

पाणी टाळण्यासाठी नळी उंच करणारा कारागीर आणि आवाजासाठी डबा कापणारा कारागीर, दोघेही एकाच नळीवर काम करतात. पहिल्याला विचारले तर कारण सांगता येते. दुसऱ्याने काय मिळवले आणि काय गमावले, याचा हिशेब विद्यार्थ्यांनाच मांडू द्या. सुरुवात त्या फडफडणाऱ्या झाकणापासून करता येईल.