गृहकर्जाचा हप्ता
गृहकर्जाचा हप्ता म्हणजे घरासाठी घेतलेल्या कर्जाच्या मुदलाची व व्याजाची दरमहा होणारी परतफेड होय. भारतात तो बहुधा समान मासिक हप्ता (ईएमआय) या स्वरूपात असतो. रक्कम समान असली तरी तिची विभागणी समान नसते. ३० लाख रुपये ७ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे २३,२५९ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातील १७,५०० रुपये व्याजापोटीच जातात.

बदलत्या व्याजदराच्या कर्जात दरवाढीची जोखीम कर्जदारावर असते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात भारतीय रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. वरील कर्जाचे मुदल फारसे फिटलेले नसताना दर ९.५ टक्के झाल्यास दरमहा व्याजच सुमारे २३,७५० रुपये होते. जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही. अशा वेळी नुसती मुदत वाढवून भागत नाही. मालमत्ता कर, सोसायटीचे देखभाल शुल्क आणि दुरुस्ती हे खर्च निराळेच.

हप्ते ९० दिवसांहून अधिक थकल्यास कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते.